कोरम भरला

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, सकाळचे साडेसात, बाहेर संततधार. दादा सोप्यात खुर्चीवर बसलेला, पाय स्टुलावर, आणि मी त्याच्या पायाची पट्टी सोडत होते. दादाला मधुमेह होऊन १६ वर्षं झाली. पण रोप लावणीच्या दिवसांत चिखलात उतरल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तसाच उतरला, पायाच्या दुसऱ्या बोटाखाली काहीतरी टोचलं, आणि ते त्याला कळलंच नाही. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस वाकून बघत नाही. फरशीवर ओला डाग वहिनीला दिसला तेव्हा जखम आठ दिवसांची झाली होती.

पट्टीचा शेवटचा पदर सुटला आणि माझा हात थांबला. पांढऱ्या गॉजवर हिरवा डाग. शेवाळाचा हिरवा नव्हे, मोरचुदाकडे झुकणारा, निळसर. वासही नेहमीच्या पुवाचा नव्हता. आंबलेल्या द्राक्षांसारखा, गोडूस.

चार दिवसांपूर्वी हीच जखम मी बघितली होती. कडा सुकल्यासारख्या, पू नाही, लाली नाही. "कोरडी पडायली की रे," असं मीच म्हणाले. दादानं तेवढ्यावर गोळ्या बंद केल्या. ३१ वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेली बहीण सांगते म्हटल्यावर डॉक्टरला कशाला विचारायचं, हा त्याचा हिशेब. माझं ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

त्याची धाकटी लेक, म्हणजे माझी भाची, धारवाडहून सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करून नुकतीच घरी आली होती. तिनं गॉजचा तुकडा उजेडात धरला, वास घेतला आणि म्हणाली, "आत्या, ह्यांचा कोरम भरलाय. आता थांबायचं नाही. गाडी काढायला सांग."

"एनातु?" म्हणत वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. तासाभरात आम्ही बेळगावच्या वाटेवर होतो.

पुढचे अकरा दिवस दवाखान्याच्या बाकावर गेले. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसून माणूस काय करणार? मी भाचीला प्रश्न विचारत बसले आणि रात्री तिचं बोलणं वहीत उतरवत गेले. आजचा मजकूर त्या वहीतला आहे. नेहमीप्रमाणे पाककृतीची वाट बघणाऱ्या भगिनींनी रागावू नये, दही पुढे येणार आहे.

कोरम हा शब्द आपल्याकडे दोन्ही भाषांत तोच. आमच्या महिला मंडळाची वार्षिक सभा चारला बोलावली की सव्वाचारला सहा जणी असतात. ठराव मांडता येत नाही, वर्गणी वाढवता येत नाही. पोहे खायचे आणि सुनांविषयी बोलायचं. पावणेपाचला पंधरावी बाई दारात चप्पल काढते, आणि अध्यक्षीणबाई चष्मा लावतात. त्याच बायका, तीच सतरंजी, पण आता निर्णय होऊ शकतो.

जिवाणूंचं असंच चालतं. जखमेत शिरलेल्या मूठभर जिवाणूंनी लगेच विष सोडायला सुरुवात केली तर ते कोणालाच पुरणार नाही. शरीराच्या पांढऱ्या पेशींना मात्र त्यांचा पत्ता लागेल. म्हणून ते गप्प राहतात, खातात आणि वाढतात. पुरेसे झाले की मग सगळे एकदम कामाला लागतात. पण डोळे नाहीत, कान नाहीत, मग आपण किती झालो हे त्यांना कळतं कसं? मी हा प्रश्न विचारला तेव्हा भाचीनं मलाच उलट विचारलं, "दिवाळी जवळ आली हे तुला गल्लीत कशावरनं कळतं?"

भाजणीच्या वासावरून. एका घरात भाजणी भाजत असली तर तो वास वाऱ्यावर जातो. दहा घरांत कढया चढल्या की गल्लीच घमघमते, आणि ज्या घरात अजून डबा उघडलेला नाही तीही बाई लगबगीनं उठते. प्रत्येक जिवाणू असाच एक बारीक रेणू सतत बाहेर सोडत असतो. गर्दी नसली तर तो वाहून जातो. गर्दी झाली की साचतो, परत पेशीच्या आत जातो किंवा पेशीच्या अंगावरच्या ग्राहकाला चिकटतो, आणि काही जनुकं चालू होतात, काही बंद होतात. बऱ्याच जिवाणूंमध्ये त्या चालू होणाऱ्या जनुकांत हाच रेणू बनवणारं जनुकही असतं. म्हणजे वास आला की आणखी वास. म्हणून बदल हळूहळू होत नाही, भडका उडतो. आणखी एक बारकावा तिनं सांगितला तो मला पुढे फार उपयोगी पडला. खिडक्या बंद असतील तर एकाच कढईचा वासही घर भरून टाकतो. बंदिस्त कोपऱ्यात थोड्या जिवाणूंनाही कोरम भरल्यासारखं वाटतं.

ही गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली ती रोगांवरून नव्हे, उजेडावरून. समुद्रात चमकणारे जिवाणू असतात. हार्वर्ड विद्यापीठात वुडलँड हेस्टिंग्ज, केनेथ निल्सन आणि टेरी प्लॅट हे ते वाढवत होते. पातळ काढ्यात जिवाणू थोडे असताना काळोख. संख्या वाढत जायची तरी काळोखच, आणि एका टप्प्यानंतर एकदम प्रकाश. दाट वाढलेल्या जिवाणूंचा काढा गाळून तो नव्या, विरळ जिवाणूंवर ओतला तर ते वेळेआधीच चमकू लागले. म्हणजे त्या पाण्यात काहीतरी निरोप होता. १९७० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. तेव्हा फार कोणी मनावर घेतलं नाही. जिवाणू म्हणजे एकेकटे जगणारे, असंच आम्हीही वर्गात शिकवत होतो. 'कोरम सेन्सिंग' हे नाव पडायला १९९४ साल उजाडलं.

हवाईच्या समुद्रात एक अंगठ्याएवढं माखूल आहे. त्याच्या पोटातल्या कप्प्यात हेच जिवाणू दाटीनं राहतात आणि रात्री चमकतात. चांदण्यात त्याची सावली खाली पडत नाही, त्यामुळे खालून बघणाऱ्या माशाला ते दिसत नाही. पहाट झाली की ते यांतले ९० ते ९५ टक्के जिवाणू बाहेर फेकून देतं. कोरम मोडला, दिवा बंद. दिवसभरात उरलेले वाढतात आणि संध्याकाळी पुन्हा उजेड. (आमच्या गावच्या विजेपेक्षा वेळापत्रक चोख आहे.)

आता आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा भाग. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या बॉनी बॅसलर यांनी अशाच एका समुद्री जिवाणूचा, व्हिब्रिओ हार्वेयीचा, वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्याच्याकडे एकच निरोप नाही, तीन आहेत. एक फक्त आपल्या जातीच्या जिवाणूंसाठी. दुसरा जवळच्या भाऊबंदांसाठी. आणि तिसरा असा, की तो कितीतरी निरनिराळ्या जातींचे जिवाणू बनवतात आणि ओळखतात. २००२ साली कळलं की या जिवाणूत त्या तिसऱ्या रेणूच्या रचनेत बोरॉन हे मूलद्रव्य असतं. म्हणजे घरात एक भाषा, पावण्यारावळ्यांत दुसरी आणि शनिवारच्या बाजारात सगळ्यांना कळणारी तिसरी. घरची भाषा जास्त ऐकू आली तर आपली माणसं जास्त आहेत. बाजारची भाषा जास्त ऐकू आली तर परके जास्त आहेत. आपले किती आणि परके किती, हे कळलं की पुढची चाल ठरवता येते.

हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "अय्यो, म्हणजे आमच्यासारखंच की." त्या बैलहोंगलच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठीतलं 'मीठ' आणि 'पीठ' एकच वाटायचं. आज त्या दादाशी मराठीत भांडतात आणि लेकीला कन्नडमधून समजावतात.

शेजाऱ्याची भाषा कळण्याचा फायदा जिवाणूंनाही आहे. माती-पाण्यात राहणारा क्रोमोबॅक्टेरियम नावाचा एक जांभळा जिवाणू आहे. त्याचे कान जरा जास्तच तिखट. दुसऱ्या जातीच्या जिवाणूचे निरोप तो ऐकतो आणि स्वतःचा कोरम भरायच्या आधीच प्रतिजैविक तयार करून ठेवतो. प्रयोगशाळेत दोघांना एकत्र वाढवून हे २०१२ साली दाखवलं गेलं. वहिनींनी लगेच दादाच्या खोलीकडे बोट केलं, "मग ह्यांनी चाळीस वर्षांत कन्नड नीट का शिकलं न्हाई?"

दुसऱ्या दिवशी जखमेच्या तपासणीचा अहवाल आला. स्यूडोमोनास एरुजिनोसा. ओल्या मातीत, पाण्यात, नळाच्या तोंडाशी सगळीकडे असणारा जिवाणू. धडधाकट माणसाला तो सहसा काही करत नाही. भाजलेली कातडी, मधुमेहाची जखम, अशक्त फुप्फुस असं दार उघडं मिळालं की शिरतो. गॉजवरची ती हिरवी-निळी छटा म्हणजे त्याचं पायोसायनिन हे रंगद्रव्य, आणि ते नुसता रंग नसून हत्यार आहे. दुसऱ्या जंतूंनाही त्रासदायक आणि आपल्या पेशींनाही. ते कोरम भरल्यावरच जोरात बनतं. मांस विरघळवणारी विकरंही तेव्हाच. सायनाइडसुद्धा तेव्हाच! होय, डिटेक्टिव्ह कादंबरीतलं सायनाइड. हा जिवाणू ते वायूच्या रूपात बनवतो. माझ्या भावाच्या अंगठ्याशेजारी हा कारखाना चालला होता आणि मी त्याला "कोरडी पडायली" म्हणाले होते.

सायनाइडची एक गोष्ट मला इतकी आवडली की मी ती दोनदा सांगायला लावली. कोणत्याही मंडळात फुकटे असतातच. गणपतीची वर्गणी द्यायची नाही, महाप्रसादाला मात्र पहिल्या पंगतीत. जिवाणूंतही काही बहिरे निपजतात. निरोप ऐकू येत नाही, त्यामुळे विकरं बनवायचा खर्च करत नाहीत, आणि दुसऱ्यांनी पचवून ठेवलेलं खातात. खर्च नाही म्हणून वाढतातही भराभर. असं चाललं तर सगळी वस्ती फुकट्यांची होईल आणि कोणालाच खायला मिळणार नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका संशोधनात दिसलं की सायनाइड इथे चौकीदाराचं काम करतं. कोरम ऐकणारे जिवाणू सायनाइड सोडतात, आणि त्याच निरोपानं त्यांच्यात सायनाइड सोसायची ताकदही येते. बहिऱ्याला निरोपच पोचलेला नसतो, मग संरक्षण कुठून येणार? फुकट्यांची वाढ तिथंच आवरते. आमच्या मंडळाच्या खजिनदारांना मी हे सांगितलं. त्यांनी वही मिटली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आता दही. वहिनी विरजणाला अजून 'हेप्पु'च म्हणतात, आणि त्यांच्या माहेरचा हेप्पु आमच्या घरात इतकी वर्षं चालू आहे असा त्यांचा दावा आहे. मला वाटलं, रात्री दूध दूधच असतं आणि पहाटे एकदम दही, हाही कोरमच असणार. भाचीनं माझे गुण कापले. "दही लागतं ते आम्लामुळं आत्या, त्याला निरोपाची गरज न्हाई. खरं, त्यातल्या भांडणाला लागते." दुधातल्या लॅक्टोकॉकस जिवाणूच्या काही जाती नायसिन नावाचा पदार्थ बनवतात. तो शेजारच्या इतर जंतूंच्या आवरणाला भोकं पाडतो. नायसिन इतकं भरवशाचं आहे की ते चीजसारख्या पदार्थांत टिकाऊपणासाठी घालतात. खाद्यपदार्थांतल्या मिश्रणांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा क्रमांक २३४ आहे. गंमत पुढेच आहे. १९९५ मध्ये कळलं की नायसिन हेच नायसिनचं बोलावणंही आहे. बाहेर ते साचलं की जिवाणूला कळतं, आपली माणसं आसपास आहेत, आणि तो आणखी नायसिन बनवतो. हत्यार तेच, निरोपही तोच.

प्रत्येकाचा हिशेब मात्र एकसारखा नसतो. पटकीचा जिवाणू उलटा चालतो. आतड्यात थोडे असताना तो चिकटून राहतो आणि विष बनवतो. कोरम भरला की विष बंद, पकड ढिली आणि बाहेर. त्याला तिथे घर करायचं नसतं, पाण्यात परत जायचं असतं. समुद्रात खेकड्याच्या कवचावर त्याची वस्ती जमली की मात्र त्याचं दुसरं रूप दिसतं. त्याच्या पोटात स्प्रिंगसारखा दाबून ठेवलेला एक सूक्ष्म भाला असतो. तो सुटला की शेजारच्या पेशीत विष घेऊन घुसतो. कवचाची खूण पटली आणि कोरमही भरला, अशा दोन्ही गोष्टी जुळल्या की हे भाले सुटतात. शेजारी फुटतो, त्याचा डीएनए बाहेर सांडतो आणि हा तो उचलून आपल्या डीएनएत जोडतो. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या शास्त्रज्ञांनी हे २०१५ साली दाखवलं. मारायचं आणि वर त्याची विद्याही घ्यायची! लहानपणी मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडलेला मी बघितला आहे. त्या रोगाच्या जंतूचं घरगुती जीवन असं असेल हे तेव्हा कोणाच्या स्वप्नात आलं असतं?

इथपर्यंत सगळं हल्ल्याचं झालं. बचावाची गोष्ट भाचीनं शस्त्रक्रियेच्या दिवशी सांगितली. दादा आत होता. ती एकसारखी बोलत होती, मी एकसारखी लिहीत होते आणि दोघीही दाराकडे बघत होतो.

जिवाणूंनाही रोग होतात. त्यांना मारणारे विषाणू असतात, त्यांना फेज म्हणतात. एक फेज जिवाणूत शिरतो, आत आपल्या पुष्कळ नकला करून घेतो, मग जिवाणू फुटतो आणि त्या नकला शेजाऱ्यांवर तुटून पडतात. विरळ वस्तीत त्यांना पुढचं गिऱ्हाईक मिळत नाही. दाट वस्तीत एकापाठोपाठ एक घर पडतं. प्लेगच्या वेळी लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, हे आमची आजी सांगायची. २०२० साली तर आपण सगळ्यांनीच ते अनुभवलं.

या फेजपासून वाचायला पुष्कळ जिवाणूंकडे क्रिस्पर नावाची व्यवस्था असते. आधी येऊन गेलेल्या फेजच्या डीएनएचा छोटा तुकडा जिवाणू आपल्या डीएनएत जपून ठेवतो, पोलीस ठाण्यात सराईत चोरांचे फोटो लावतात तसा. तोच फेज परत आला की तुकडा जुळवून बघायचा आणि त्याचा डीएनए कापायचा. या कात्रीचा उपयोग माणसानं जनुकं कापायला केला, आणि त्यासाठी २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल एमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना मिळालं. पण मूळ कात्री जिवाणूंची.

मग ती कात्री सतत परजून का ठेवत नाहीत? कारण बाळगायला खर्च येतो, आणि चुकून आपलाच डीएनए कापला जाण्याची भीती असते. बाहेरून येणारा एखादा उपयोगी डीएनएही ती कापून टाकते. रात्रंदिवस बंदूक उशाशी घेऊन झोपणाऱ्याच्या घरात चोरापेक्षा घरच्यांनाच धोका. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या पीटर फिनेरन यांच्या गटानं २०१६ साली सेराशिया या जिवाणूवर काम करून दाखवलं की कोरमचा निरोप साचला की त्याच्या तीन वेगवेगळ्या क्रिस्पर यंत्रणा जोरात चालू होतात. हाच जिवाणू गर्दी झाली की लाल रंगद्रव्य आणि एक प्रतिजैविकही बनवतो, आणि त्यालाही हाच निरोप लागतो. म्हणजे एकाच घंटेला तलवारही बाहेर येते आणि ढालही. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, प्रिन्स्टनच्या बॅसलर यांच्या प्रयोगशाळेतून दादाच्या जखमेतल्या जातीविषयी तेच कळलं. स्यूडोमोनासचं क्रिस्परही कोरमच्या हाताखाली आहे. गर्दीत फेजची साथ पसरणार, म्हणून गर्दीतच ढाल उचलायची.

"खरं, मोठ्यानं बोललं की ऐकणारेही असतात," भाची म्हणाली. २०१९ साली बॅसलर आणि त्यांचा विद्यार्थी जस्टिन सिल्पी यांनी एक फेज दाखवला. तो जिवाणूच्या पोटात मुकाट बसून राहतो. त्याच्याकडे जिवाणूचाच निरोप ओळखणारा कान आहे, अगदी जिवाणूच्या कानासारखा. घरात थोडे लोक आहेत तोवर तो गप्प. निरोप दाट झाला, म्हणजे बाहेर भरपूर शिकार आहे हे कळलं, की तो यजमानाला फोडून बाहेर पडतो. जिवाणूंची सभा भरल्याची दवंडी चोरानंही ऐकलेली असते. आपापसांत निरोप पाठवणारे फेजही आहेत. ते इस्रायलच्या वाइझमन संस्थेत २०१७ साली सापडले. सहा अमिनो आम्लांची चिमुकली साखळी हा त्यांचा निरोप. तो फार साचला की फेजला कळतं, मारून झाले पुष्कळ, आता उरलेल्या जिवाणूंत गुपचूप राहूया. विषाणूला एवढा पोच! मी लिहायची थांबले. तेवढ्यात दार उघडलं.

डॉक्टरांनी जखमेतलं मेलेलं मांस खरवडून काढलं होतं. दुसरं बोट वाचवता आलं नाही. हाडापर्यंत गेलं होतं. पाय वाचला.

रात्री मी भाचीला माझा खरा प्रश्न विचारला. चार दिवस आधी मी नीट बघितलं असतं, गोळ्या चालू राहिल्या असत्या, तर बोट राहिलं असतं का? ती लगेच बोलली नाही. मग म्हणाली, "आत्या, सगळं कोरमवर ढकलू नकोस. बाबांची साखर तीनशेच्या वर होती, पायात रक्त नीट जात न्हवतं. खरं, गोळ्या बंद करायच्या न्हवत्या." एवढंच. मीही पुढे विचारलं नाही.

खरवडायचं कशाला, हे मात्र तिनं नीट समजावलं. जखमेतले जिवाणू सुटे राहत नाहीत. बुळबुळीत थर करून त्यात राहतात, आणि त्या थरात औषध नीट उतरत नाही. मेलेल्या मांसाखालच्या त्या बंद खोल्यांत निरोप साचत राहतो. बंद खिडक्यांची आणि एका कढईची गोष्ट मला तेव्हा आठवली. थर काढला की खोल्या उघड्या पडतात, औषध पोचतं, शरीराच्या पेशी पोचतात. निरोपच बिघडवणारं औषध का देत नाहीत, असंही मी विचारलं. ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातलं एक तांबडं शेवाळ असा पदार्थ बनवतं. जिवाणूंच्या निरोपात तो खोडा घालतो, त्यामुळे शेवाळाच्या अंगावर त्यांची पुटं चढत नाहीत. तशी रसायनं शोधायचं काम पुष्कळ ठिकाणी चाललं आहे. २०१७ च्या स्यूडोमोनासच्या कामातूनही एक कल्पना निघाली: आधी निरोप बिघडवायचा म्हणजे ढाल खाली येईल, मग फेज सोडायचे. पण दादाच्या वॉर्डातल्या औषधाच्या ट्रॉलीवर यातलं काही नव्हतं. तिथे प्रतिजैविक होतं, इन्सुलिन होतं आणि रोजची पट्टी होती.

आता पाच महिने झाले. जखम भरत आली आहे. दादा पुढून उघडे नसलेले, रुंद, भाचीनं निवडलेले बूट घालतो आणि त्यांना नावं ठेवतो. रोज सकाळी साडेसातला तो खुर्चीवर बसतो, पाय स्टुलावर. मी चष्मा लावते, पट्टी सोडते, गॉज खिडकीशी नेऊन उजेडात धरते, वास घेते. मागे वहिनी दह्याचं भांडं कलंडवून हेप्पु लागला का ते बघत असतात.

"काय गं, कोरम?" दादा विचारतो.

"न्हाई भरला."

मग तो बिनसाखरेचा चहा मागतो, आणि एक घोट घेऊन तोंड वाकडं करतो.